सशाचा चारा आणि महिन्याचा हिशेब

ससा दुकानातून घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर रंगीत दाण्यांचं एक पाकीट येतं, आणि ‘गाजर द्या, चपाती द्या, सगळं खातो’ एवढा सल्ला मिळतो. पुढे कुणी जाणकार भेटला की कळतं, सशाला टिमोथी नावाचं गवत घालतात. टिमोथी थंड हवेतलं. आपल्या पठारावर ते पिकत नाही. ते परदेशातून येतं आणि त्याला किलोमागे शेकड्यांत पैसे मोजावे लागतात. दोन किलो वजनाचा ससा दिवसाला साधारण १०० ग्रॅम वाळलं गवत खातो, सांडतो ते वेगळं. म्हणजे महिन्याला ३ किलो झालं. पहिल्या नोकरीच्या पगारातून खोलीचं भाडं भरणाऱ्या मुलीला हा खर्च जड जातो, आणि मग ती काटकसरीचे मार्ग शोधू लागते.

काटकसर नेमकी कशात करायची, यावर दोन पक्ष मी नेहमी ऐकतो. एक म्हणतो, पाकिटावर लिहिलंय तेच द्या. दुसरा म्हणतो, जनावर आहे, जनावरासारखं वाढवा. दोन्ही पक्ष इथे एका आत्याच्या आणि तिच्या भाचीच्या तोंडी घातले आहेत. आत्या फलटणकडची, दारात शेळ्या, शेतात थोडा लसूणघास. भाची पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते, सोबतीला भुरा नावाचा दोन किलोचा ससा. मला कुणाचं कुठे पटतं तेही मधे मधे सांगितलं आहे.

आत्या : एवढ्याशा पिशवीला एवढे पैसे? अगं, आमच्या बांधाला हरळी माजलीय, माळावर मारवेल आहे, पवना आहे, आणि तू समुद्रापलीकडचं गवत आणतेस. गवत ते गवत.

भाची : तसं नसतं ना, आत्या. पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं. तंतू किती, प्रथिनं किती. तुझ्या बांधावरच्या गवतात काय आहे ते कुणी मोजलंय?

आत्या : आणि रानातला ससा पाकीट वाचून खातो होय? माळावर एवढे ससे असायचे, त्यांना कोण घालत होतं टिमोथी?

भाची : तो ससा वेगळा. आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा बीळ करत नाही, त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडूनच जन्मतात. तो रानातला जीव आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, घरात ठेवताच येत नाही. पाळतात तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा.

आत्या : बरं, स्पेनचा तर स्पेनचा. तिथे काय खातो?

भाची : कोरड्या माळावरचं गवत. झुडपांचा पाला, साली.

आत्या : मग माझा माळ काय वेगळा आहे?

इथे मी आत्याच्या बाजूचा आहे. सशाला टिमोथीची गरज नसते. त्याला गवताची गरज असते, आणि तेही जून, लांब काडीच्या, चावायला वेळ लागेल अशा गवताची. त्याचे दात जन्मभर वाढतात, समोरचे तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. दाढाही वाढत राहतात आणि त्या झिजतात जबडा आडवा फिरवत तास न् तास गवत दळल्यानं. पेलेट, म्हणजे गोळी पेंड, दोन-चार चाव्यांत फुटतात, त्यांनी दाढा झिजत नाहीत. झिजल्या नाहीत की कडा टोकदार होतात, जीभ नि गाल सोलतात, आणि ससा भूक असून खात नाही. पोटाचंही असंच आहे. आतडी हलती राहतात ती जाड तंतूंमुळे. हे काम टिमोथी करतं तसं हरळीही करते. वाळवलेली हरळी अमेरिकेत बर्म्युडा गवत म्हणून विकली जाते आणि तिथले ससे ती खातात. कणीस निघता निघता कापून नीट वाळवलेलं मारवेल किंवा पवना असेल तर सशाला त्यात काही कमी पडत नाही. रब्बीत चाऱ्यासाठी ओट करणारा शेतकरी ओळखीचा असेल तर फारच चांगलं. वाळवलेला ओट ससे आवडीनं खातात.

एक गवत मात्र टाळायचं, ते म्हणजे कुसळी. तिची पिकलेली कुसळं तोंडात, डोळ्यात रुततात. गुरंसुद्धा त्या दिवसांत तिला तोंड लावत नाहीत.

आत्या : मग गवताचा तरी खटाटोप कशाला? रोज लसूणघासाची पेंढी घाल. हिरवागार, कोवळा. आमच्याकडे एकानं ससे पाळले होते, त्यांना घासच असायचा. कसे टरटरून फुगले होते!

भाची : फुगले होते, तेच तर. घासात प्रथिनं फार आणि कॅल्शियम त्याहून फार. पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत चालतो, नंतर रोज घातला तर लघवीत गाळ साठतो. खडे होतात.

आत्या : त्याच्या सशांना कधी खडे झाल्याचं ऐकलं नाही.

याचं उत्तर मीच देतो, पण आत्याचं म्हणणं खोटं नाही, हे आधी नोंदवायला हवं. तिनं पाहिलं ते खरंच पाहिलं. फरक वयाचा आहे. मांसासाठी वाढवलेला न्यूझीलंड व्हाइट ससा तीन-चार महिन्यांतच विक्रीच्या वजनाला येतो. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिथे सशांवरही काम झालं. असं काम मांस आणि लोकर डोळ्यांपुढे ठेवून होतं: कमी पैशांत, कमी दिवसांत किती वजन चढतं. त्या हिशेबात लसूणघास उत्तमच ठरतो. भुरा मात्र आठ-दहा वर्षं जगायचा आहे. सशाचं शरीर चाऱ्यातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि उरलेलं लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून त्याची लघवी पांढुरकी, गढूळ दिसते. वर्षानुवर्षं हे चाललं, त्यात पाणी कमी प्यायलं, हालचाल नसली, तर मूत्राशयात गाळ धरतो. विक्रीच्या सशाचं वय तिथपर्यंत पोचतच नाही. पालनाच्या पुस्तकातला सल्ला घरच्या सशाला जसाच्या तसा लावू नये, तो यासाठी.

व्यवहारातली एक गोष्ट. पुण्याजवळच्या चाऱ्याच्या दुकानात ‘घास द्या’ म्हटलं की हमखास लसूणघासाची पेंढी हातात पडते. तेव्हा ‘हरळी’ किंवा ‘गवत’ असं नाव घेऊन मागावं.

आत्या : घास नको, तर मूठभर सरकी पेंड घाल. शेळीला देते मी, तुकतुकीत राहते.

भाची : आत्या, नको! सरकीत गॉसिपॉल असतं. ते सशाला विषासारखं.

आत्या : सुबाभळीचा पाला? तोही नको? शेळ्या तुटून पडतात त्याच्यावर.

भाची : त्यानं केस गळतात. आणि भाकरीचा तुकडाही नको, शिळी चपाती नको, मक्याचे दाणे नकोत.

आत्या : मग तू त्याला घालतेस तरी काय? हवा?

भाचीची धास्ती योग्य आहे, पण कारण समजलं की यादी पाठ करावी लागत नाही. शेळी रवंथ करते. चारा तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जातो, तिथल्या सूक्ष्मजीवांच्या हाताखालून जातो, आणि मग अंगाला लागतो. सुबाभळीतलं मायमोसीन त्यातले काही जीवाणू मोडून टाकतात. सरकीतलं गॉसिपॉलही मोठ्या जनावराच्या या कप्प्यात बरंचसं बांधलं जातं. सशाचा असा कप्पा मागे आहे, लहान आतड्यानंतर. विष आधी अंगात जातं, सूक्ष्मजीव नंतर भेटतात. पिठाचं उलटं होतं. भाकरी, बिस्किट, दाणे यांतलं न पचलेलं पीठ त्या मागच्या कप्प्यात पोचलं की नको ते जीवाणू माजतात, वायू धरतो, आणि पिल्लू असेल तर एका दिवसात दगावू शकतं. सशाला उलटीही होत नाही. आत गेलेलं परत फिरत नाही. शिळं अन्न वाया जाऊ नये म्हणून सशाला घालणं ही काटकसरीतली सगळ्यात महाग चूक आहे.

ज्वारीचंही सांगून टाकतो, कारण कडबा स्वस्त वाटतो. कोवळ्या ज्वारीनं, तिच्या खोडव्याच्या फुटव्यानं गुरांना किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याला ठाऊकच असतं. सशाला तो हिरवा चारा दाखवूही नये. पिकलेल्या, वाळल्या कडब्याचं पान सशानं कुरतडलं तर बिघडत नाही, पण धांडा त्याच्या कामाचा नाही. भाताचा पेंढा आणि गव्हाचं काड यांत पोषण फार थोडं. ते अंथरायला घ्यावं. त्यातलं त्यानं चघळलं तर चघळू दे, पण जेवण म्हणून मोजू नये.

आत्या : आता मी विचारते. ही गोळी पेंड किती घालतेस त्याला?

भाची : वाटी भरलेली असते. संपली की भरते. उपाशी राहायला नको म्हणून.

आत्या : म्हणजे महाग पेंड पोटभर आणि गवत चवीपुरतं! आम्ही शेळीला पेंड ओंजळभर घालतो, वैरण रेटून घालतो. तू उलटं चालवलंयस.

आत्याचा हा मुद्दा या सगळ्या बोलण्यातला मोलाचा आहे. पैसा इथेच वाचतो. मोठ्या, निरोगी सशाला पेलेट किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमच्या वर नकोत. भुऱ्याला म्हणजे जास्तीत जास्त ५०, आणि गवत भरपूर, पाला वेगवेगळा असेल तर त्याहूनही कमी भागतं. वाटी सदा भरलेली असली की तो गोळ्यांनी पोट भरतो, गवत सोडतो, लठ्ठ होतो. मागच्या कप्प्यातून बनणाऱ्या मऊ, चकचकीत लेंड्या तो एरवी थेट तोंड लावून खातो. त्यातून त्याला ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. पोट गोळ्यांनी भरलेलं आणि पाठ जाड झाली की त्या लेंड्या तशाच चिकटून राहतात, आणि मालकाला वाटतं जुलाब झाले. पेलेट निम्म्यावर आणले की खर्च उतरतो, आणि सशाचं नुकसान होत नाही, उलट भलं होतं. पिल्लं, गाभण आणि पाजणाऱ्या माद्या यांना मात्र हे कपातीचं गणित लावू नये.

रंगीत दाण्यांचं मिश्रण तर पूर्ण बंद करावं. त्यात ससा गोड, पिठूळ तेवढं वेचतो, तंतूंच्या गोळ्या सोडतो. एडिंबरा विद्यापीठात यावर अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली पुढे आले: अशा मिश्रणावरच्या सशांनी गवत कमी खाल्लं, वजन वाढलं, दातांच्या तक्रारी दिसल्या. साधे, एकरंगी, तंतू १८ टक्के किंवा जास्त असलेले पेलेट घ्यावेत. त्यात दाणे, सुकामेवा, मध नसावा.

भाची : मान्य. पण गवत निम्मं वाया जातं त्याचं काय? त्यात बसतो, त्यातच लघवी करतो, आणि मग त्याला तोंड लावत नाही.

आत्या : गव्हाण कर की. जमिनीवर वैरण टाकली की शेळीही तुडवते.

गव्हाण म्हणजे त्याच्या तोंडाच्या उंचीला, भिंतीला अडकवलेली रुंद तारांची जाळी. तिच्या खाली त्याचा शी-सूचा ट्रे ठेवावा. सशांना तिथे बसून चरायची सवयच असते, त्यामुळे गळतं ते ट्रेमध्ये पडतं आणि अंथरूण होतं. एकदम ढीग न घालता सकाळ, संध्याकाळ, रात्री असं ताजं घालावं. उरलेल्याला हात लावून थोडं खालीवर केलं, वर चिमूटभर वाळलेली कोथिंबीर किंवा पुदिना चुरला, की टाकून दिलेलं गवतही तो पुन्हा ओढू लागतो. गवत मोजून द्यायचं नाही, एवढं मात्र ठाम. वाया जाणारं वाचवा, खाणारं वाचवू नका.

भाची : हिरव्या पाल्याला मी आता पैसेच देत नाही. आमच्या मंडईतल्या मावशी फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला बाजूला ठेवतात.

आत्या : बघ! आणि कोथिंबिरीच्या काड्या तू टाकत होतीस.

वाटीभर चिरलेला पाला किलो वजनामागे पुरे. कोथिंबीर, शेपू, पुदिना, मुळ्याचा आणि गाजराचा पाला, नवलकोलाची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, बागेत असतील तर पेरूची आणि तुतीची पानं. पालक, माठ, बीटाचा पाला यांत ऑक्झॅलेट जास्त, म्हणून तो रोज नको, फिरवून. शेवग्याचा पालाही थोडाच, त्यातल्या कॅल्शियममुळे. कांदा-लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, अळू नको. गाजर आणि फळ अंगठ्याएवढं, तेही कधीतरी. दोन-तीन पाण्यांतून धुवावं, कारण भाजीवर फवारणी असते. नवरात्रात घटात उगवतात तसे गहू एखाद्या पसरट ताटलीत मातीवर पेरले तर आठ-दहा दिवसांत कापण्याजोगी पाती येतात. दाणे न देता फक्त पाती कापून द्यायची. पण त्यात पाणीच जास्त, ते पाल्याच्या हिशेबात धरावं, गवताच्या नव्हे.

रस्त्याकडेची हरळी फुकट असते आणि ती घ्यायचा मोह मला समजतो. तिथे कुत्री येतात, धूर बसतो, पालिका कधी तणनाशक मारते. सोसायटीच्या हिरवळीवर यंत्र फिरवल्यावर जो चुरा निघतो तोही नको. ढिगात तो लवकर तापतो, आंबतो, आणि पोट फुगवतो. कण्हेर, घाणेरी, धोतरा, एरंड, गाजर गवत यांची पानं गवतातून चुकून येत नाहीत ना, हे भारा सोडताना बघायलाच हवं.

आत्या : मग असं कर, मीच देते पाठवून. एसटीनं पोतं येईल.

भाची : पण पावसाळ्यात? तेव्हा वाळवणार कुठे?

आत्या : पावसाळ्यात नाहीच वाळत. भादव्यानंतर कापायचं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन-तीन दिवसांत खणखणीत होतं.

हिशेब मी केला आहे. हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी. भुऱ्याला महिन्याला लागणाऱ्या ३ किलो वाळल्या गवतासाठी साधारण १२ किलो हिरवं कापावं लागतं. पावसाचे चार महिने धरून ५० किलोच्या आसपास, म्हणजे डोक्यावरचे दोन भारे. आत्याला हे काम अर्ध्या दिवसाचं. कापल्यावर पातळ पसरायचं, दिवसातून दोनदा उलटायचं, दव पडायच्या आत गोळा करायचं. मुठीत पिळल्यावर काडी कडकन मोडली, वाकली नाही, तर ते भरायला तयार. ओलसर भरलं की बुरशी धरते, आणि बुरशी लागलेलं गवत ऊन दाखवूनही सुधारत नाही. कुबट वास, पांढरी धूळ, काळे ठिपके दिसले तर अख्खं पोतं टाकून द्यावं. तिथे काटकसर नाही.

आत्या : आणि तो खाईल ना? परदेशी गवताची सवय लागलेली.

भाची : एकदम नाही खाणार. पहिल्या तीन-चार दिवसांत चौथा हिस्सा, मग निम्मं, असं दोन आठवड्यांत बदलीन. दर रविवारी वजन करते मी त्याचं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून.

आत्या : माझं सोपं आहे. लेंड्या बघ. टपोऱ्या, गोल, कोरड्या असल्या तर चाललंय. बारीक झाल्या, केसानं एकमेकींना गुंफल्या, तर गवत कमी पडतंय.

दोघींचंही करावं. काटा आठवड्याची गोष्ट सांगतो, लेंड्या आजची. ससा बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या थांबल्या असतील तर घरगुती उपाय करत बसू नये, पशुवैद्य गाठावा. सशांवर उपचार करणारे डॉक्टर शहरातही मोजके, आणि उपचार चाऱ्याहून कैक पटींनी महाग. म्हणून पेलेट आणि रंगीत दाण्यांतून महिन्याला जे वाचेल ते खर्चात न मिसळता वेगळं ठेवावं, असं माझं मत आहे.

भाची : तरी टिमोथीचं एक लहान पाकीट मी ठेवणार आहे.

आत्या : का गं? विश्वास नाही माझ्यावर?

भाची : तुझ्यावर आहे. पावसावर नाही. पोतं खराब निघालं, तू आजारी पडलीस, तर त्या दिवशी त्याला काय घालू? हा एक दिवसही उपाशी राहू शकत नाही.

आत्या : हे बरोबर बोललीस. ठेव. पण दसऱ्याला येशील तेव्हा रिकामी पोती घेऊन ये, तागाची. प्लास्टिकच्या गोण्या आणू नकोस, त्यांत गवत घामेजतं.